मॅकेबाईंच्या जावयाची चौकशी

...आणि परत तेच! धाटावच्या कंपनीच्या बसमधून उतरलो नाय, चहाचा ग्लास तोंडाला लावला नाय, की डोळा मारून विचारायचं, "पुंडलिकदादा, तिकडं नाइटलाइफ कसं होतं ओ?" अरे कसलं नाइट नि कसलं लाइफ! जून महिना, स्कॉटलंड, ॲबर्डीन शहर... तिथं नाइटच होत नाय! रात्रीचे दहा वाजले तरी उजेड! मी आपला खिडकीत दिवेलागणीची वाट बघत बसायचो, कारण दिवा लागल्याबिगर जेवायचं नाय ही आईने लावलेली सवय, पोटात कावळे ओरडतायत नि सूर्य ढिम्म हलायला तयार नाय! शेवटी खुर्चीतच उपाशी झोप लागायची. हे माझं नाइटलाइफ. पण तुम्हाला ते नकोय, तुम्हाला बार पाहिजेत, गोऱ्या बाया पाहिजेत... तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की पुंडलिकने तिकडं काहीतरी करून ठेवलं. ठेवलं! नाय म्हणतच नाय मी! पण काय करून ठेवलं ते ऐकलंत ना... तुम्हाला सांगतो, मान वर करायची सोय नाय!

आता मी गेलोच कसा? तर कंपनीने तिकडचे पंप घेतले. पंप आले, बसवले, नि चालेनात. तिकडून निरोप, तुमचा माणूस ट्रेनिंगला पाठवा. मोठे साहेब निघाले, तर त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल. धाकटे साहेब निघाले, तर त्यांना विमानाची भीती, हे त्यांनी सांगितलं नाय, त्यांच्या बायकोने सांगितलं. उरला कोण? तर पासपोर्ट असलेला एकच ऑपरेटर, पुंडलिक! तोही दुबईला जायला काढलेला, दुबई राहिलीच. रोहा स्टेशनवर मला हार काय घातला, नारळ काय दिला... अख्खा नारळ, शेंडीसकट, विमानात! मुंबईच्या कस्टमवाल्याने तो कानाशी धरून हलवून बघितला.

तर तिथं कंपनीने मला एक खोली दिली, दुसऱ्या मजल्यावर, काळ्या-करड्या दगडाची बिल्डिंग, नि समोरच्या दारात राहायच्या मॅकेबाई. साठीच्या आतबाहेरच्या, नवरा मागंच गेलेला, एकुलती एक मुलगी फियोना, हॉस्पिटलात नर्स. नि सल्ले! मला वाटायचं शेजाऱ्याला सल्ले द्यावेत तर आपल्या वरशाच्या गाववाल्यांनी. नाय हो! या बाई माझ्या बॅगा वर पोचायच्या आधीपासून जिन्यात उभ्या. ऊन पडलं म्हणून कोट घरी ठेवू नको. रविवारी दोरीवर कपडे वाळत घालू नको, वरचे आजोबा देवधर्माचे हायत, त्यांना चालत नाय. रस्त्यात चिप्स उघडे धरून चालू नको, पक्षी नेतो. म्हटलं, बाई माझी मस्करी करतायत, पक्षी कशाला नेतोय! दुसऱ्याच दिवशी बदकाएवढा समुद्रपक्षी आला, चिप्स नेले, खालचा कागद नेला, नि खांबावर बसून वर माझ्याकडेच बघून ओरडला!

आणि शनिवारी संध्याकाळी मोठ्या रस्त्याला जाऊ नको, हा पण सल्लाच. पण तुमच्यासारख्यांना येऊन सांगायला नको का काहीतरी? गेलो! बघा, हे तुमचं नाइटलाइफ, ऐका. माझ्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, वर माझ्या बायकोची, चंद्रावतीची शाल, नि वारा असा की डोळ्यांतून पाणी. आणि पोरी बिनबाह्यांचे झगे घालून बारच्या दारात लाइनीत उभ्या! थंडीने निळ्या पडल्यात, नि हसतायत! मला रडायला आलं ओ. बापाच्या वयाचा माणूस मी. एकीला म्हटलं, बेटी, ही शाल घे जरा. तिने घेतली! थँक्यू म्हणली, माझ्या गालाचा मुका घेतला, नि शालीसकट आत गेली ती गेली. मी दारात तासभर उभा! चंद्रावतीला अजून सांगतो, शाल विमानात राहिली. काय सांगू दुसरं? मान वर करायची सोय नाय!

पण ते सोडा. मुद्द्याचं पुढंच हाय. या फियोनाचं लग्न ठरलेलं. पोरगा कॅलम, बंदरावर मासळी उतरवायचं काम करायचा, उंच, लाल केसांचा, नि स्वभावाने असा गरीब की काय सांगू. माझ्या खोलीतला हीटर बंद पडला तर त्याने येऊन जमिनीवर आडवं पडून दुरुस्त केला, नि चहा पण घेतला नाय. मी त्याला आपला पेणचा पोह्याचा पापड दिला, तर भाजायच्या आधीच कच्चा, लोणी लावून खाल्ला नि छान हाय म्हणला. असा पोरगा! मी मनात म्हटलं, मॅकेबाईंनी जावई चांगला हेरला.

आणि मग तो शनिवार. संध्याकाळचे आठ-साडेआठ, लख्ख ऊन. मी खिडकीत. एवढ्यात खालून गोंगाट, पातेली बडवतायत, भोंगा वाजतोय, नि एक टेम्पो आला, उघडा. टेम्पोत पाच-सात पोरं, दोन-तीन पोरी, नि मधी एकाला धरलेला. त्याच्या अंगात शर्ट नाय! तोंडाला काळं! नुसतं काळं नाय ओ... काकवी ओतलेली, त्यावर चुलीतली काजळी, त्यावर पीठ, अंडी, नि वर कोंबडीची पिसं! खाली उतरवला, आमच्या बिल्डिंगसमोरच्या दिव्याच्या खांबाला दोरीने करकचून बांधला, नि परत एक बादली डोक्यावर! लोक येतायत, जातायत, बघतायत, फोटो काढतायत. मी चष्मा पुसला, नि बघतो तर... लाल केस! कॅलम!

आता मला सांगा, तुम्हीच सांगा, आपल्याकडं कुणाच्या तोंडाला काळं फासून खांबाला बांधतात? मी लहान होतो तेव्हा एकाने बोकड चोरला होता, त्याची अशीच धिंड काढलेली, पातेली बडवत, सगळं गाव मागून. तेव्हा मी समजून चुकलो, हा पण काहीतरी करताना सापडला. तरी म्हटलं, पुंडलिक, घाई करू नको, कुणी जबरदस्तीने आणलेला असंल, पोलिस येतील, सोडवतील. आणि आला की पोलिस! दोघं आले! त्यातल्या एकाने कॅलमकडे बघितलं, हसला, त्याच्या डोक्यावरचं पीस नीट खोवलं नि निघून गेला! म्हणजे गुन्हा शाबीत! सरकारला पण मान्य!

मॅकेबाई बिंगो खेळायला गेलेल्या, फियोना ड्युटीवर. म्हटलं, देवाची कृपा, दोघींनी बघितलं नाय. पण मग वाटलं... बघितलं नाय म्हणजे त्यांना सांगायचं कुणी? पोरगी विहिरीत पडायला चाललीय नि शेजारी खिडकीत बसून बघतोय? डोळ्याला डोळा लागला नाय माझा.

आता आपल्याकडं कसं असतं? मुलीकडचे लोक मुलाची चौकशी करायला गुपचूप शेजारी येतात. शेजाऱ्याने खोटं बोलायचं नाय, नि खरं पण बोलायचं नाय, कारण उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचंय. मग पोरगा वाईट असंल तर आपण काय करतो? चहा पुढं करतो, खाली बघतो, नि म्हणतो, "आम्ही काय बोलणार! तुम्हीच बघा." संपलं! मुलीचा बाप चहा पितो, पायात चपला घालतो, नि दुसरं स्थळ बघायला लागतो. पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाही विचारा, याचा अर्थ समजतो. कुणाचं नाव खराब होत नाय, कुणाच्या तोंडाला फेस येत नाय. किती सोयीचं हाय!

तर रविवारी सकाळी मॅकेबाई चर्चमधून आल्या. मी दार उघडून म्हटलं, बाई, चहा घ्यायला या. आल्या. मी खाली बघितलं. म्हटलं, "कॅलम..." नि एक सुस्कारा टाकला, नि इंग्रजीत म्हटलं, "व्हॉट वी से! यू ओन्ली सी!"

वरशात असतं तर बाई गपचूप उठल्या असत्या. ही बाई उठेना! कप खाली ठेवला, म्हणली, "काय बघू? तू काय बघितलंस?"

"जे बघितलं ते तोंडाने बोलवत नाय."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"एकटा होता?"

"एकटा कुठला, बाई!"

त्यांचा आवाज बदलला. "बायका होत्या?"

आता मी काय खोटं बोलू? होत्याच ना पोरी! पातेली बडवत होत्या! म्हटलं, "होत्या. दोन-तीन."

"आणि... त्याच्या अंगावर कपडे?"

मी मान खाली घातली! शर्ट नव्हता ओ त्याच्या अंगात, मी काय करू! बाई पांढऱ्या पडल्या. मला वाटलं, समजलं त्यांना, नि मनात म्हटलं, वा पुंडलिक, शेजारधर्म केलास. लाज वाटते सांगायला... मला बरं वाटलं होतं तेव्हा!

अर्ध्या तासाने फियोना ड्युटीवरून आली. समोरचं दार लागलं. आतून रडण्याचा आवाज. मग फोन. मग खाली जिन्यात धाडधाड पावलं, नि कॅलम आला. पोराने रात्रभर अंग घासलं असणार, तरी कानामागं पीठ, केसांत काकवी, नि अंगाला मासळीचा वास. दारातच फियोनाने बोटातली अंगठी काढली नि त्याच्या हातावर ठेवली. तो आपला, "अगं झालं काय? कोण बाई? कुठली बाई?" हळूहळू जिन्यातली सगळी दारं उघडली, खालच्या मजल्यावरची पोरंबाळं, वरचे देवधर्माचे आजोबा हातात बायबल घेऊन, सगळी जमली. नि मॅकेबाई माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणल्या, "मिस्टर पुंडलिकने डोळ्यांनी बघितलंय!"

दाराच्या मागं उभा होतो मी, कडी धरून. आता बाहेर यायला लागलं. सगळा जिना माझ्याकडे बघतोय. कॅलम म्हणला, चिडून नाय, हळूच म्हणला, "काय बघितलंत तुम्ही? सांगा. सगळं सांगा."

अहो, उभ्या आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं! आपल्याकडं "तुम्हीच बघा" म्हटल्यावर पुढं विचारायची पद्धतच नाय! मी चाचरत, घाम पुसत म्हटलं, "तोंडाला काळं... खांबाला बांधलेला... पोलिस पण हसले... तू काय चोरी केलीस?"

मग वरचे आजोबा हसले. ते आजोबा, ज्यांना रविवारी ओले कपडे चालत नाय, ते हसता हसता पायरीवर बसले, बायबल मांडीवर ठेवून. मग खालची पोरं, मग सगळेच! मला समजावून सांगितलं एकाने, की लग्न ठरलं की दोस्तमंडळी नवऱ्या मुलाला पकडतात नि काकवी, काजळी, पीठ फासून गावभर फिरवतात, शुभ असतं, आपल्याकडं हळद लावतात ना, तसं! हळद! मी पोराची हळद बघितली नि धिंड समजलो! जिन्याची फरशी उलटून आत जावंसं वाटलं मला.

पण दोन माणसं हसत नव्हती. कॅलम नि फियोना. कॅलम अंगठीकडे बघत होता. म्हणला, "म्हणजे तू विश्वास ठेवलास. मला न विचारता." फियोनाला रडू आवरेना. माझ्याकडे बघून म्हणली, "हा माणूस खोटं बोलत नाय, म्हणून ठेवला." कॅलमने अंगठी खिशात घातली नि जिना उतरायला लागला.

मंडळी, ते वाक्य! हा माणूस खोटं बोलत नाय! तिथं उभा राहून मी मनात सगळं परत आठवलं, नि खरंच, एक शब्द मी खोटा बोललो नव्हतो! एक पण नाय! एकही खोटा शब्द न बोलता मी एका चांगल्या पोरीचं लग्न मोडलं होतं! तुम्हाला सांगतो, मान वर करायची सोय नाय!

मी पळालो त्याच्यामागं. अनवाणी. जिन्यातच त्याचे हात धरले. म्हटलं, बाबा, तिची चूक नाय, माझी हाय. आमच्याकडं काळं फासतात ते दोषी माणसाला. इथं दोषी मी हाय. घे, मला फास! तो बघतच राहिला. मी म्हटलं, राहिली असंल ना काकवी? आण! त्याच खांबाला बांध! तो नको नको म्हणत होता, पण त्याचे मित्र खाली टेम्पो धुवायला आलेलेच होते, ते कसले सोडतायत! अर्ध्या डब्याला तर हात पण लागला नव्हता. मला उचलला! हा वरशाचा पुंडलिक, दोन पोरांचा बाप, बारा वर्षं कंपनीत एक खाडा नाय, लेंग्यावर, खांबाला बांधलेला! मी डोळे मिटून उभा. आणि कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. बघतो तर फियोना, हातात बादली. डोळे लाल. म्हणली, "हलू नका." नि ओतली! डोक्यावरून, थंडगार, दाट! माझ्या मिशांतून काकवी गळायला लागली नि मी बोंबललो, "आई गो!" तशी ती हसली. आधी थोडं, मग पोट धरून. कॅलमने तिच्याकडे बघितलं, त्याला पण हसू फुटलं. मग त्याने खिशातून अंगठी काढली. माझ्यासमोर, खांबासमोर, तिच्या बोटात घातली. मी रडत होतो, पण पिठामुळं कुणाला कळलं नाय.

लग्नाला मला मॅकेबाईंच्या शेजारी बसवलं. जेवणाच्या वेळी बाईंनी चमचा ग्लासवर वाजवला नि म्हणल्या, मिस्टर पुंडलिक, तुम्ही मुलाची नीट चौकशी केलीत, आता सगळ्यांसमोर सांगा, कसा हाय? दीडशे माणसं! मी उठलो. म्हटलं, "मुलगा चांगला हाय. एक नंबर हाय. मुलगी द्या." एवढंच. टाळ्या पडल्या. खाली बसलो तेव्हा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला नि शेवटचा सल्ला दिला, "यापुढं काही बघितलंस तर सगळं सांगत जा." म्हटलं, सांगीन. शपथ.

परत आलो. चंद्रावतीला बॅग रिकामी करताना माझा फोटो सापडला, कॅलमच्या मित्रांनी काढलेला, खांबाला बांधलेला. "अगो बाई! काय चोरलंत ओ तुम्ही?" म्हणून मटकन खाली बसली. तिला समजावता समजावता गणपती आले. पण ते जाऊ द्या. मी शपथ पाळायची ठरवली. आता अर्धं बोलायचं नाय. पुंडलिक बदलला!

आणि गेल्या महिन्यात पेणहून एक गृहस्थ आले माझ्याकडं. काळुराम नाव, मुलगी भाविका, तिच्यासाठी आपल्या शेजारच्या विठूशेठच्या पोराचं, मिथुनचं स्थळ बघत होते. म्हणले, शेजारी म्हणून तुम्हाला विचारतो, पोरगा कसा हाय? मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं, "पितो. शिफ्टला जातो सांगून घरातून निघतो नि नागोठण्याला स्टँडमागं पत्ते खेळत बसतो. तीन कंपन्यांनी काढलाय. मुलगी देऊ नका." चंद्रावतीच्या हातातून बशी पडली. पण मी बोललो! सगळं! स्पष्ट!

काळुरामने कप खाली ठेवला. मग हसला. "तुमचं नि विठूशेठचं बांधावरून काय भांडण हाय का ओ?" म्हटलं, नाय. "मग पाण्यावरून?" नाय हो! "असणार! नायतर शेजाऱ्याबद्दल एवढं उघड कोण बोलतो? पोरात खरंच काय खोट असती, तर तुमच्यासारखा जाणता माणूस खाली बघून म्हणला असता, आम्ही काय बोलणार!" मी शपथा घेतल्या, हात जोडले, त्या पोरीची दया करा म्हटलं. जेवढं बोललो तेवढी त्याची खात्री पटत गेली. उठला नि इथून थेट विठूशेठच्या दारात, पेढ्यांचा पुडा घेऊन!

काल विठूशेठ आले घरी. मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी त्यांच्या. "पुंडलिक, तुझ्या घरून माणूस निघाला नि सरळ माझ्याकडं आला रे! तू शब्द टाकलास म्हणून पोराचं जमलं!" परवा हळद हाय. मानाचा फेटा मलाच बांधणार हायत. नाय कसं म्हणू, उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचंय.

आणि मी बांधून घेणार.